हिवाळ्यातली हरळी
पेण-रोह्यात पाऊस सरला की क्रिकेटचे सामने सुरू होतात, आणि नेमकी तेव्हाच मैदानातल्या हरळीची वाढ मंदावते. २७ ते ३५ अंश सेल्सिअसला हे गवत जोमाने वाढते. उत्तर भारतात ते थंडीने पिवळे पडते. कोकणात दुपारी ऊब असल्याने हिरवे राहते, पण पाणी द्यावेच लागते. ते सकाळी, भरपूर आणि काही दिवसांच्या अंतराने द्यावे.

कापणी दव सुकल्यावरच करावी. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक छाटू नये: ३० मिलिमीटरचे गवत २०वर आणणे पुरे. यंत्राचे पाते बोथट असेल तर पानांची टोके फाटतात आणि लवकरच पांढुरकी दिसू लागतात. सर्वाधिक झीज गोलंदाजाच्या धावेच्या वाटेवर होते. तिथली दबलेली माती दाताळ्याने टोचून मोकळी करावी.