धावण्याआधी तीन मिनिटे पायरीवर

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर भागातली मुलेमुली पहाटे रस्त्यावर धावताना दिसू लागतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. वर्षभर सराव नाही आणि पहिल्याच दिवशी जीव तोडून धाव, असे बऱ्याच जणांचे होते. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत 5 किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा जीव गेला. त्यानंतर अंतर कमी झाले, पण आपला दम किती आहे हे मैदानात उतरण्याआधी घरीच कळलेले बरे.

दम म्हणजे स्नायूंना सतत ऑक्सिजन पुरवत राहण्याची हृदयाची आणि फुप्फुसांची ताकद. सरावाचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते. म्हणून तेवढ्याच कामाला त्याला कमी ठोके लागतात, आणि थांबल्यावर ते लवकर शांत होते. पायरीची चाचणी हेच मोजते.

साधारण 30 सेंटिमीटर, म्हणजे फूटभर उंचीची न हलणारी पायरी शोधा. घराचा ओटा चालेल, विहाराची पायरीही चालेल. उंची मात्र पट्टीने मोजा. आधी तासभर चहा, तंबाखू, मिश्री नको. एक पाय वर, दुसरा वर, एक खाली, दुसरा खाली, असे मिनिटाला 24 वेळा. मोबाईलवर मेट्रोनोमचे ॲप 96 वर लावले की प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पडते. तीन मिनिटे झाली की लगेच बसा आणि मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते. मधली दोन बोटे वापरा.

आलेला आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो शेजारच्या मुलाशी ताडून पाहू नका. वय, बाई-पुरुष, उंची यांनी फरक पडतो. आठवड्यातून चार-पाच दिवस भरभर चालणे आणि हळू धावणे करा, म्हणजे धावताना दोन शब्द बोलता येतील इतकेच. सहा-आठ आठवड्यांनी त्याच पायरीवर, त्याच वेळी पुन्हा मोजा. आकडा उतरला तर दम वाढला.

त्यानंतर कूपर चाचणी. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी ती 1968 साली मांडली. 12 मिनिटांत किती अंतर जाते, एवढेच पाहायचे. 400 मीटरच्या मैदानाच्या सहा फेऱ्या, म्हणजे 2400 मीटर झाले, तर तरुण मुलाचा दम चांगला. ही मात्र पूर्ण जोर लावायची चाचणी आहे, सरावाशिवाय करू नये.

ताप असताना, गरोदरपणात कुठलीच चाचणी नको. बीपी, साखर, हृदयाचा त्रास असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर आधी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते, मग आकडा फसवतो. छातीत दुखले, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा. 'अजून एक फेरी' नको. कोणी कोसळले तर ताबडतोब 108 लावा.

धुणीभांडी करणाऱ्या ताई म्हणतात, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला हे? राबून अंग दुखते, पण दम वाढतोच असे नाही. त्यांनीही मोजावे. गुडघे कुरकुरत असतील तर 20 सेंटिमीटरची पायरी घ्यावी आणि दर वेळी तीच वापरावी.