खिळ्याची लांबी आणि पायाचा वेग

शालेय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने मैदानाच्या कडेला उभे राहण्याचा प्रसंग मला वर्षातून दोन-चारदा येतो, आणि दर खेपेस कोणी ना कोणी पालक, क्वचित एखादे क्रीडाशिक्षकही, मुलाचे स्पाईक शूज उलटे धरून "खिळे जितके लांब, तितकी पकड घट्ट आणि तितका वेग जास्त" हे सूत्र अशा काही अधिकारवाणीने ऐकवितात, की जणू ते न्यूटनच्या दप्तरातूनच नक्कल करून आणले असावे.

ही समजूत मुळात निराधार नव्हती, हे कबूल केले पाहिजे. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत धावपटू धावत ते कोळशाच्या राखेच्या, म्हणजे सिंडरच्या ट्रॅकवर. त्या भुसभुशीत थरात आखूड खिळ्याला धरावयास काही सापडत नसे, म्हणून लांब खिळ्याची तजवीज करावी लागे. सिंथेटिक नसलेल्या पृष्ठभागावर 25 मिलिमीटरपर्यंत लांब खिळ्यांची मुभा वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सचे नियम आजही देतात. मात्र त्याच नियमांनी सिंथेटिक ट्रॅकवर ही मर्यादा 9 मिलिमीटरवर आणली असून केवळ उंच उडी आणि भालाफेक यांना 12 मिलिमीटरची सवलत दिली आहे. आणि पुष्कळ क्रीडासंकुले तर याहूनही आखूड खिळ्यांचाच आग्रह धरतात.

यावर ठरलेले उत्तर येते, की हा सगळा बंदोबस्त ट्रॅक फाटू नये म्हणून आहे, वेगाशी त्याचा काय संबंध! संबंध आहे, आणि तो समजावयास फारसे शास्त्र लागत नाही. सिंथेटिक ट्रॅक हा जेमतेम 13 मिलिमीटर जाडीचा लवचीक थर असतो. त्यात खोल घुसलेला खिळा प्रत्येक पावलाला उपसून काढावा लागतो, आणि आखूड खिळा मात्र पृष्ठभाग किंचित दाबून, बाजूला न सरकता, सहज सुटतो. ज्यांना हा युक्तिवाद पुस्तकी वाटतो, त्यांनी 1968 चे एक प्रकरण पाहावे. त्या वर्षी मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये प्रथमच सिंथेटिक ट्रॅक आला, आणि त्याआधीच्या अमेरिकन निवडचाचणीत एको समिट येथे जॉन कार्लोस 200 मीटर 19.7 सेकंदांत धावला; परंतु त्याच्या पुमा बुटांच्या तळाशी मोजके लांब खिळे नसून ब्रशासारख्या 68 आखूड सुया होत्या, आणि अशा बुटांना नियमात जागा नसल्यामुळे तो विक्रम नामंजूर झाला. तेथील विरळ हवेचा वाटा त्या वेळेत होताच, सगळे श्रेय सुयांना देणे अन्याय्य ठरेल. पण नव्या पृष्ठभागासाठी वेगाच्या शोधात निघालेले कारागीर खिळा लांब करण्याच्या नव्हे, आखूड करण्याच्या वाटेने गेले, एवढे तरी त्यातून दिसावे.

आपल्याकडील मुरमाच्या मैदानाची गोष्ट निराळी. पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलेल्या मातीत 9 ते 12 मिलिमीटरचा खिळा उत्तम चालतो. परंतु एप्रिलच्या उन्हाने तापून दगड झालेल्या मुरमात तोच खिळा घुसतच नाही, आणि धावणारा टोकांवर तोललेला राहून घोटा मुरगळून घेतो. अशा वेळी साधे रबरी तळाचे बूट बरे.

इतर समजुतींचा परामर्श थोडक्यात घेतो. मऊ तळ म्हणजे गुडघ्यांचा विमा, हे गणित इतके सरळ नाही: पृष्ठभाग मऊ झाला की धावणारा नकळत पाय अधिक ताठ ठेवतो, हे फेरिस, लुई आणि फार्ली या संशोधकांनी 1998 मध्येच दाखविले आहे. तळव्याची कमान पाहून बूट निवडल्यास दुखापती टळतात म्हणावे, तर अमेरिकी सैन्यदलांच्या प्रशिक्षणार्थींवर नॅपिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचण्यांत तसा लाभ आढळला नाही. मॅरेथॉनचे जाड तळाचे बूट ट्रॅकवरही चालतील, ही तर निव्वळ गफलत. रस्त्यावर 40 मिलिमीटर जाडी मान्य असली, तरी ट्रॅकवर 1 नोव्हेंबर 2024 पासून 20 मिलिमीटरच्या वर तळ चालत नाही. आणि गवत मऊ म्हणून निर्धोक, असे मानणाऱ्याने त्याखालचे खड्डे एकदा मोजावेत.

राहता राहिली मातीसाठी एक आणि सिंथेटिक ट्रॅकसाठी एक, असे स्पाईक शूजचे दोन जोड घेण्याच्या खर्चाची तक्रार. बहुतेक स्पाईक शूजचे खिळे छोट्या पान्याने फिरवून काढता येतात. मातीवर सराव करून बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर धावावयास निघालेल्या मुलाला बूट नव्हे, केवळ खिळे बदलावे लागतात, आणि ते काम आदल्या रात्री घरीच उरकते.