पर्यावरण मंडळांचा कारभार आणि मानद पदाधिकाऱ्यांची जबाबदारी

गोमंतकाच्या ग्रामीण भागात निसर्गरक्षणासाठी स्थापन झालेली मंडळे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कोठे गावची देवराय, कोठे तळे, कोठे किनाऱ्यावर अंडी घालावयास येणारी कासवे, असा एखादा विषय हाती घेऊन गावातील दहापंधरा मंडळी एकत्र येतात, संस्थेस नाव देतात आणि कामास लागतात. या संस्थांचे अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार वेतन घेत नाहीत. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, शेतकरी, रापणकार, गृहिणी अशा व्यक्ती आपापला व्यवसाय व संसार सांभाळून हे काम करतात. उत्साह असतो, निष्ठाही असते. मात्र संस्थेचे मार्गदर्शन करणे म्हणजे नेमके काय करणे, याची कल्पना पुष्कळदा स्पष्ट नसते. किनाऱ्यावर रात्रभर घातलेली गस्त सर्वांना दिसते. इतिवृत्ताची वही वेळच्या वेळी लिहिणे कोणास दिसत नाही. तरीही गस्त बंद पडण्याचे कारण बहुधा त्या न लिहिलेल्या वहीतच सापडते.

गोव्याला हा अनुभव अपरिचित नाही. नदीकाठच्या खाजन शेतीत भरतीचे खारे पाणी शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात व पाण्याची ये-जा नियंत्रित करण्यासाठी त्यांत ‘मानस’ बसविलेली असते. या बांधांची देखभाल पूर्वी गावकरी संस्था करीत. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळकायद्यामुळे जमिनीचे संबंध बदलले आणि ही जबाबदारी कालांतराने कुळांच्या संघटनांकडे आली. जेथे संघटना जागरूक राहिली तेथे बांध टिकला. जेथे सभा भरेनाशा झाल्या तेथे खेकड्याने पाडलेले बीळ बुजविण्याचे काम कोणाचे, हाच प्रश्न अनिर्णित राहिला आणि पाण्याने आपला निर्णय घेतला. एकदा खारे झालेले शेत पुन्हा पिकाखाली आणण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात.

अशा मंडळांना कायदेशीर स्वरूप देण्याचा सर्वपरिचित मार्ग म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करणे हा होय. सात किंवा अधिक व्यक्तींना धर्मादाय, शास्त्रीय वा तत्सम हेतूने अशी संस्था स्थापन करता येते. तिच्या ज्ञापनात संस्थेचे नाव, तिची उद्दिष्टे आणि नियामक मंडळाच्या सदस्यांची नावे, पत्ते व व्यवसाय नमूद करावे लागतात. मूळ कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांच्या आत नियामक मंडळाची यादी निबंधकाकडे सादर करावयाची असते. संस्था विसर्जित करावयाची झाल्यास तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते. आणि विसर्जनानंतर शिल्लक राहिलेली मालमत्ता सभासदांना आपसांत वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे सोपवावी लागते. या अखेरच्या तरतुदीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, पण कायद्याचा खरा आशय तिच्यात आहे. पदाधिकारी हे संस्थेचे मालक नसून दुसऱ्याची ठेव सांभाळणारे विश्वस्त आहेत, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. ग्रामपंचायतीच्या पातळीवर काम करणारी जैवविविधता व्यवस्थापन समिती व गावचे पर्यावरण मंडळ यांची अनेकांच्या मनात गल्लत होते. जैवविविधता समिती ही २००२ च्या जैवविविधता कायद्याने निर्माण केलेली आहे. लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्यासारखी वैधानिक कामे तिच्याकडे आहेत. मंडळ हे मात्र नागरिकांनी स्वेच्छेने उभारलेले असते. एकच व्यक्ती दोन्हीकडे असण्यास हरकत नाही; दोन्हींची कागदपत्रे व पैसा मात्र एकत्र होऊ नये.

मानद कार्यकर्त्यांच्या मार्गदर्शनाने एखादे काम कसे उभे राहते आणि कसे गावाच्या हाती जाते, याचे उत्तम उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यात पाहावयास मिळते. चिपळूण येथे १९९२ साली ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था स्थापन झाली. भाऊ काटदरे हे तिचे संस्थापक. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची पाहणी करीत असता २००२ साली संस्थेचे कार्यकर्ते मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी पोहोचले. वेळास हे पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस यांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक होते. तेथील वाळूत कार्यकर्त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली, आणि गरुडाच्या शोधात निघालेल्या संस्थेस निराळेच काम लाभले.

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी कोकणच्या किनाऱ्यावर साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्रीच्या वेळी येते, भरतीच्या रेषेवर वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खड्डा बुजवून समुद्रात परतते. पुन्हा त्या अंड्यांकडे ती पाहावयास येत नाही. सुमारे पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. मधल्या काळात कोल्हा, कुत्रा, रानडुक्कर व मनुष्य या चौघांपासून अंड्यांना भय असते. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. वाळू अधिक तापल्यास माद्या अधिक निपजतात. अंडी सुरक्षित जागी हलवावयाची तर ती घातल्यापासून थोड्याच तासांत, न फिरवता, न हिंदकळता हलवावी लागतात. विलंब झाल्यास आतील गर्भ दगावतो. हा तपशील येथे देण्याचे कारण असे, की हे काम दूरच्या शहरातून चालविता येण्यासारखे नाही. पहाटे तीन वाजता किनाऱ्यावर कोण असेल, यावर सारे अवलंबून असते.

चिपळूण ते वेळास हा रोज जाण्यायेण्याचा पल्ला नव्हे. संस्थेच्या धुरीणांपुढे दोन मार्ग होते. कायद्याचा बडगा दाखवून अंडी काढण्याची जुनी चाल बंद पाडणे, हा पहिला. ऑलिव्ह रिडले हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तो मार्ग खुला होता. दुसरा मार्ग गावकऱ्यांनाच रक्षक करण्याचा. संस्थेने दुसरा मार्ग पत्करला. वाळूवरील पावलांच्या खुणांवरून घरटे ओळखण्याचे कसब गावातीलच माणसांना होते. त्यांतून कासवमित्र तयार झाले, ग्रामपंचायत व वन विभाग यांचे साहाय्य मिळाले, आणि पहिल्याच हंगामात पन्नास घरट्यांचे रक्षण झाले. जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत अंडी पुरावयाची, पिल्ले निघण्याच्या सुमारास घरट्यावर टोपली पालथी घालून ठेवावयाची व सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहावयाची, अशी साधी पद्धत तेथे रूढ झाली.

यापुढील निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. २००६ साली वेळास येथे कासव महोत्सव सुरू करण्यात आला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी बाहेरगावचे लोक येऊ लागले. त्यांची राहण्याजेवणाची व्यवस्था हॉटेलात न होता गावकऱ्यांच्या घरी होऊ लागली. अंड्यांतून मिळणाऱ्या किरकोळ प्राप्तीपेक्षा जिवंत पिल्लांमुळे येणारे उत्पन्न घरोघरी पोहोचू लागले, तेव्हा कासव हा गावाच्या हिताचा विषय झाला. पुढे महोत्सवाची व्यवस्था गावानेच हाती घेतली आणि संवर्धनाच्या कामात वन विभागाचा वाटा वाढत गेला. संस्था मागे सरली. संस्थेची पीछेहाट झाली, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या नावाचा फलक खाली उतरवून काम दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हे मानद पुढाऱ्यांना सर्वांत कठीण जाते, आणि म्हणूनच ते विरळा घडते.

पुढारी जागेवर नसताना काम चालते की नाही, हीच मार्गदर्शनाची कसोटी मानली तर उत्तराखंडातील रेणी गावाची आठवण होणे अपरिहार्य आहे. गोपेश्वर येथील दशोली ग्राम स्वराज्य मंडळ ही १९६४ साली चंडीप्रसाद भट्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेली संस्था चिपको आंदोलनाच्या अग्रभागी होती. २६ मार्च १९७४ रोजी ठेकेदाराची माणसे रेणीच्या जंगलात शिरली तेव्हा संस्थेचे प्रमुख कार्यकर्ते गावात नव्हते, गावातील पुरुष नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीला गेले होते. महिला मंगल दलाच्या प्रमुख गौरा देवी यांनी गावातील स्त्रियांना सोबत घेऊन जंगल वाचविले. त्यांना कोणाच्या आज्ञेची वाट पाहावी लागली नाही. गोव्यातील किती मंडळांच्या कार्यकारिणीत स्त्रियांना हळदीकुंकवाच्या कार्यक्रमापलीकडे स्थान आहे, हा प्रश्न यानिमित्ताने विचारावयास हवा.

आता प्रत्यक्ष कारभाराविषयी. लहान संस्थेत कार्यकारिणीचे सदस्यच कुदळ हाती घेतात व तेच ठरावही करतात. सुरुवातीस याला पर्याय नसतो. परंतु मानधनावर एखादा पहारेकरी नेमला की परिस्थिती बदलते. अध्यक्ष एक सांगतो, चिटणीस दुसरे, आणि खजिनदार मानधनच थांबवून ठेवतो, अशा स्थितीत तो पहारेकरी टिकत नाही. कोणी एकानेच त्याला सूचना द्याव्यात, आणि इतरांनी आपले म्हणणे सभेत मांडावे, हे प्रथमच ठरलेले बरे. चिटणीसपद बहुधा शिक्षकाकडे येते, कारण त्याचे अक्षर चांगले असते. त्याची बदली झाली की सभेच्या वह्या, शिक्का व पासबुक त्याच्या ट्रंकेतून दुसऱ्या तालुक्यात जातात आणि संस्थेचा इतिहास तेथेच संपतो. कागदपत्रे संस्थेची आहेत, व्यक्तीची नव्हेत. ती पंचायतघर, शाळा वा वाचनालयातील कपाटात असावीत. बँकेतील खात्यावर दोन सह्या आवश्यक ठेवणे व हिशेब दरवर्षी तपासून घेणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. प्रामाणिक खजिनदारास त्याचाच आधार असतो.

गावात सगळेच एकमेकांचे सोयरे. त्यामुळे हितसंबंधांचा प्रश्न नाजूक होतो. किनाऱ्यावर उपाहारगृह चालविणारा गृहस्थ कासव मंडळाचा सभासद असण्यात वावगे काही नाही. उलट त्याचे दिवे रात्री मंद झाले तर पिल्लांची दिशाभूल टळते. मात्र किनाऱ्यावरील बांधकामासंबंधी मंडळाने पंचायतीस काय कळवावे, याची चर्चा निघाली की त्याने आपला संबंध सांगून बाजूस बसावे व तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. ही पद्धत पहिल्या प्रसंगीच पाडली तर कोणास अपमान वाटत नाही. भांडण झाल्यावर ती आणू पाहिल्यास वाटतो.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते व पर्यावरण हा त्यातील एक विषय आहे. असे साहाय्य जरूर घ्यावे; परंतु देणगीदाराच्या आवडीप्रमाणे संस्थेचे उद्दिष्ट बदलू देऊ नये. वृक्षारोपणाचा समारंभ छायाचित्रास शोभतो खरा, पण कासवांच्या किनाऱ्यावर सुरूची दाट लागवड केल्यास अंडी घालण्याची मोकळी वाळूच नाहीशी होते. तेथे मर्यादवेल असते तीच राहू द्यावी. दुसरी गोष्ट खास गोव्याची. येथील अनेक कुटुंबांतील माणसे परदेशी असून काहींनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे. गावच्या प्रेमाने अशा व्यक्तीने दिलेली देणगी, ती रुपयांत असली तरी, २०१० च्या विदेशी अंशदान विनियमन कायद्याखाली विदेशी देणगी ठरते, आणि आवश्यक ती परवानगी वा नोंदणी नसताना ती स्वीकारणे हा अपराध आहे. भारतीय पारपत्र बाळगून परदेशी नोकरी करणाऱ्याने आपल्या बचतीतून दिलेल्या देणगीस मात्र हे बंधन लागू होत नाही. पावती फाडण्यापूर्वी खजिनदाराने नागरिकत्व विचारले तर देणगीदाराने राग मानू नये.

गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीचे किनारे म्हणून २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत निर्दिष्ट झाले होते. मोरजी येथे वन विभागाने ग्रामस्थांच्या सहकार्याने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातच संरक्षणाचे काम सुरू केले होते. या कामात भाग घेऊ इच्छिणाऱ्या मंडळांनी एवढे जाणून असावे, की पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची अंडी हलविणे हे वन विभागाच्या अनुमतीशिवाय करता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. घरटे दिसल्यास जागेची खूण करावी, गर्दी होऊ देऊ नये, मोबाईलचे वा विजेरीचे झोत टाकू नयेत आणि वन परिक्षेत्र कार्यालयास तत्काळ कळवावे.

हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होत असल्याने मंडळांनी आपली वार्षिक सभा चतुर्थीनंतर, परंतु दिवाळीपूर्वी उरकून घेणे सोयीचे पडते. मागील वर्षाचे हिशेब, नव्या कार्यकारिणीची निवड, गस्तीच्या पाळ्या आणि रात्री कोणी कोणास कळवावयाचे, हे विषय त्याच सभेत निकालात निघावेत. निवडून आलेल्या मंडळाची यादी त्यानंतर मुदतीत निबंधकाकडे पाठवावी व तिची पोच वहीस जोडून ठेवावी.