छंद आणि पारख (लेखांक सहावा) : कधीच न उडालेल्या यानांचे मोल

मागील लेखांकात खऱ्या विमानांच्या आणि अग्निबाणांच्या प्रतिकृतींची पारख पाहिली. तिथे काम सरळ असते. पीएसएलव्ही या अग्निबाणाची उंची ४४ मीटर, म्हणजे १:१०० प्रमाणातली प्रतिकृती ४४ सेंटिमीटर भरली पाहिजे. पट्टी लावली की निकाल लागतो. विज्ञानकथांमधल्या अंतराळयानांचे काय? ‘स्टार ट्रेक’मधले एंटरप्राइझ किंवा ‘स्टार वॉर्स’मधले एक्स-विंग कुठल्याच तळावरून कधी उडाले नाही. जी वस्तू अस्तित्वातच नव्हती, तिची प्रतिकृती बरोबर की चूक हे ठरवायचे कशावरून? त्यामुळे या छंदात सगळा आवडीनिवडीचाच कारभार, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. यान काल्पनिक असले तरी पडद्यावर दिसलेली वस्तू खरी होती. ती कुणीतरी लाकूड, प्लास्टिक आणि रंग वापरून घडवली होती. पारख करायची ती त्या वस्तूशी ताडून, आणि ती खऱ्या विमानाइतकीच काटेकोर होऊ शकते.

एंटरप्राइझचेच उदाहरण घ्या. दूरदर्शन मालिकेसाठी त्याचे सुमारे अकरा फुटी मॉडेल १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथल्या कारागिरांनी बनवले. ते १९७४ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आले. आतल्या दिव्यांच्या तारा डाव्या अंगाने बाहेर काढल्या होत्या, म्हणून चित्रीकरण उजव्या अंगाचेच होई आणि डावी बाजू अपुरी राहिली होती. आधीच्या एका डागडुजीत यानाच्या अंगावर गडद रेषा रंगवल्या गेल्या आणि त्यावर जाणकारांनी बरीच टीका केली. पुढे २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या कामाच्या वेळी संग्रहालयाने लोकांकडून जुनी छायाचित्रे मागवली, बशीसारख्या भागाच्या वरच्या पृष्ठावर टिकून राहिलेला १९६० च्या दशकातला मूळ रंग पुरावा म्हणून जपला, आणि मॉडेल १९६७ मधल्या रूपाला आणले. आज कुणी एंटरप्राइझची प्रतिकृती करडी म्हणून विकत असेल, तर तो करडा कोणता असायला हवा याला उत्तर आहे. ते मतावर अवलंबून नाही. संग्रहालयातल्या मॉडेलवर शिल्लक असलेल्या रंगात ते पाहायला मिळते.

यावर पहिला आक्षेप असा, की मूळ म्हणावे असे एकच मॉडेल नसते. तो खरा आहे. ‘स्टार वॉर्स’मधल्या मिलेनियम फाल्कन या यानाचे १९७७ च्या चित्रपटासाठी पाच फुटी मॉडेल होते; १९८० च्या चित्रपटासाठी सुमारे ३२ इंचांचे दुसरे बनले, आणि उतरताना टेकण्याच्या पायांच्या मांडणीसह दोघांत फरक आहेत. आत उभारलेले दालनांचे नेपथ्य तर बाहेरच्या आकारात नीट मावतही नाही. पण यावरून पारख अशक्य ठरत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा व्यासांची मूळ पोथी कुणाजवळ होती? पाठभेद नोंदवत, कोणता पाठ कुठून आला हे सांगत ते काम उभे राहिले. इथेही पहिला प्रश्न तोच विचारायचा : ही प्रतिकृती कोणत्या मॉडेलची, कोणत्या वर्षाची? विक्रेत्याला याचे उत्तर देता येत नसेल, तर ‘अगदी हुबेहूब’ या त्याच्या शब्दाला किंमत नाही.

दुसरी कसोटी प्रमाणाची. एंटरप्राइझची कथेतली लांबी २८९ मीटर मानली जाते; १:६५० प्रमाणात ती सुमारे साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर होते. अशी एक संख्या छापलेली असली की दोन याने शेजारी ठेवून त्यांची तुलना करता येते. याउलट ईगलमॉस या कंपनीने २०१३ पासून काढलेल्या ‘स्टार ट्रेक’ प्रतिकृतींच्या मालिकेत बहुतेक याने साधारण तळहाताएवढीच ठेवली. परिणामी प्रचंड यान आणि त्याच्या तुलनेत लहानसे यान कपाटात जवळजवळ सारखेच दिसते. कारागिरी सुबक असली तरी यानांचे परस्परनाते त्यात हरवते. अशा मालिकेत संग्राहकाने एकेका यानाचा आकार आणि रंगकाम पाहावे, पण प्रमाणबद्ध संच म्हणून तिला गुण देऊ नयेत.

तिसरी कसोटी सर्वांत रंजक आहे. ‘स्टार वॉर्स’च्या मॉडेलकारांनी यानांचे पृष्ठभाग भरण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या रणगाडे, तोफा आणि मोटारींच्या प्लास्टिक किटमधले सुटे भाग चिकटवले होते. कोणत्या किटमधला कोणता भाग यानावर कुठे बसला, हे अभ्यासकांनी वर्षानुवर्षे शोधून काढले. त्यामुळे एखादे मॉडेल अस्सल आहे का, हे त्या भागांवरून आणि चित्रीकरणाच्या छायाचित्रांवरून तपासता येते. मॉडेलकार ग्रेग जीन यांच्या निधनानंतर त्यांच्या संग्रहातून चित्रीकरणात वापरलेले एक्स-विंग मिळाले. सुमारे २० इंचांची ही वस्तू ऑक्टोबर २०२३ मध्ये ३१ लाख डॉलरहून अधिक किमतीला लिलावात गेली. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ची बहुतेक मॉडेल नष्ट झाली, टिकलेले एरिज यान २०१५ मध्ये ३ लाख ४४ हजार डॉलरला ऑस्कर देणाऱ्या अकादमीने घेतले. हे आकडे दुर्मिळतेचे आहेतच, पण दुर्मिळतेवर विश्वास बसतो तो पुराव्यामुळे.

हा सगळा परदेशातल्या धनिकांचा खेळ, सोलापूरच्या मुलाला त्याचे काय, असा आक्षेप कुणी घेईल. लिलावाच्या किमती आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत, हे खरे. पारख मात्र फुकट शिकता येते, आणि तिची गरज आपल्यालाच जास्त आहे, कारण आपण बहुतेक वस्तू हातात न घेता पडद्यावर पाहून मागवतो. शिवाय ज्याला आपण साधे खेळणे समजतो, त्याचेही मोल होते. फनस्कूलने हॅस्ब्रोच्या परवान्याने भारतात काढलेल्या जी. आय. जो बाहुल्या वेगळ्या रंगसंगतीमुळे आज परदेशी संग्राहक शोधत असतात; आपल्याकडे त्या तुटल्यावर फेकल्या गेल्या. स्थिती सांभाळणे हा पारखीचाच भाग आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवलेले प्लास्टिक पिवळे पडते, पातळ भाग वाकतात, चिकटवलेली चिन्हे तडकतात. जस्ताच्या मिश्रधातूच्या जुन्या खेळण्यांत शिशासारखी अशुद्धी राहिली असेल, तर धातू आतून फुगून भेगाळतो. त्यावर इलाज नाही, खरेदीपूर्वी भेगा पाहणे एवढेच हाती असते. म्हणून जाड भिंतीच्या, उन्हापासून दूरच्या कपाटाला इथे मोठे महत्त्व आहे.

थोडक्यात, घेण्यापूर्वी चार गोष्टी विचारा : कोणत्या मॉडेलची प्रतिकृती, कोणते प्रमाण, कोणता पुरावा, कोणती स्थिती. उत्तरे वहीत लिहा, सोबत बिल आणि सर्व बाजूंची छायाचित्रे ठेवा. ज्यांच्याकडे अशी याने आहेत, त्यांनी एकत्र येऊन सोलापूरजवळच्या केगाव इथल्या विज्ञान केंद्राला प्रदर्शनाचा प्रस्ताव द्यावा. प्रत्येक यानाखाली या चार उत्तरांची पाटी असावी. शाळकरी मुलांना प्रमाण, मोजमाप आणि पुरावा शिकवण्यासाठी इतके आकर्षक साधन दुसरे सापडणे कठीण आहे.