नफा वाढला, तरी भाव पडला!

आपल्या नगर जिल्ह्यात 'शेअर' म्हटलं की आधी साखर कारखाना आठवतो. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. तेव्हापासून अनेक शेतकऱ्यांच्या पेटीत शेअरचा कागद असतो. माझ्या आजोबांकडेही असा एक आहे. पण तो शेअर बाजारात विकला जात नाही, त्यामुळे त्याचा भाव रोज वर-खाली होत नाही.

पप्पांनी मात्र बाजारातला शेअर घेतला. १२ रुपयांना मिळतोय म्हणजे स्वस्तच, असं त्यांना वाटलं. दोन वर्षांत तो ३ रुपयांवर आला आणि माझ्या हॉस्टेलसाठी ठेवलेले पैसे गेले. मग मी त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला.

त्यात पहिला आकडा बघायचा ईपीएस, म्हणजे एका शेअरमागे झालेला नफा. नफा १० कोटी आणि शेअर्स १ कोटी, तर ईपीएस १० रुपये. शेअरच्या भावाला ईपीएसने भागलं की पी/ई मिळतो. ५०० रुपयांच्या शेअरचा ईपीएस ५० असेल तर पी/ई १०. पप्पांच्या शेअरचा ईपीएस होता फक्त २० पैसे, म्हणजे पी/ई ६०! महाग कोणता, तुम्हीच सांगा. शिवाय कंपनीवर कर्जही भरपूर होतं. कमाई व्याजातच जायची.

मग नफा वाढला की भाव वाढणारच का? तसंही नाही. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या इन्फोसिसने १२ एप्रिल २०१३ रोजी तिमाही निकाल जाहीर केले. नफा आदल्या वर्षीपेक्षा थोडा वाढलेला होता. पण पुढच्या वर्षी उत्पन्न ६ ते १० टक्केच वाढेल, असं कंपनीने सांगितलं. बाजाराची अपेक्षा जास्त होती, आणि शेअर एका दिवसात सुमारे २१ टक्के कोसळला. उभा ऊस बघून आपण टनेजचा अंदाज करतो ना, तसा बाजार पुढच्या नफ्याचा अंदाज करून आजचा भाव ठरवतो. अंदाज चुकला की भाव बदलतो.

अर्थात आकडे खरे हवेत. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेबातली सुमारे ५,००० कोटींची रोकड खोटी असल्याचं कबूल केलं. त्याच दिवशी शेअर १७९ वरून ४० रुपयांच्या आसपास आला.

आता पप्पा काही घेण्याआधी विचारतात, "ईपीएस किती गं?" मी म्हणते, "आधी पाच वर्षांचा बघू, आणि कर्जही."