प्लास्टरमध्ये खाज सुटली? खराट्याची काडी लांबच ठेवा

नगर-पुणे रस्त्यावरच्या केडगावात एप्रिल-मे महिन्यांत मोकळा हातही घामेजतो. मग प्लास्टरमधल्या हाताची काय कथा!

डच लष्करी डॉक्टर अँटोनियस माथायसन यांनी 1852 साली प्लास्टरच्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हापासून हाडं नीट जुळू लागली, पण खाज काही टळली नाही. कारण साधं आहे: घाम आत कोंडतो आणि एरवी अंघोळीत निघून जाणारी मृत त्वचा तिथेच साचते.

आणि मग घरात शोध सुरू होतो. खराट्याची काडी, मोजपट्टी, विणायची सुई! आत ओरखडा उठला तरी दिसत नाही, ओलसर उबेत जंतू मात्र वाढतात. काडी मोडून आत राहिली तर प्लास्टर कापण्याची वेळ येते. टाल्कम पावडरही नकोच. घामात तिचे गोळे होऊन खाज वाढते. खोबरेल तेलाचा मोहही आवरावा.

हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून प्लास्टरच्या कडेतून झोत सोडावा. गरम हवा अजिबात नको, कातडी भाजते. प्लास्टरवर बाहेरून हलक्या टिचक्या मारल्या तरी बरं वाटतं. खाजेने झोप उडाली असेल, तर गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

बोटं बधिर किंवा निळी पडली, दुर्गंधी, ताप किंवा वाढती वेदना असली, प्लास्टर भिजलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका; त्याच दिवशी दवाखाना गाठा.