चवदार तळ्याचे गाव, सावित्रीचा पूर आणि आपला वीजमीटर

महाडचे नाव घेतले की आधी चवदार तळे आठवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला. त्याच वर्षी डिसेंबरमधल्या परिषदेला जागा मिळत नव्हती, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. आपल्या समाजाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

हा इतिहास आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सामाईक वस्तूबद्दल नुसते ठराव करून भागत नाही, माणसे उठून चालावी लागतात. आज हवा आणि हवामान ही अशीच सामाईक वस्तू झाली आहे. ठराव पुष्कळ झाले. २०१५ मध्ये पॅरिसला जगातल्या देशांनी करार केला. चालणे मात्र बाकी आहे.

हा प्रश्न आपल्या दारात कसा आला?

जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा पृथ्वीचे सरासरी तापमान त्या वर्षी सुमारे दीड अंशाने जास्त होते. दीड अंशाने काय होते, असे वाटेल. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. तेच बाष्प मग थोड्या वेळात धो धो कोसळते.

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथूनच उगम पावते. ते सगळे पाणी पोलादपूरमार्गे महाडात आले आणि बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळियेची दरड कोसळून ऐंशीहून जास्त जीव गेले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांनी हेच दुःख पाहिले होते. ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्यातली कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती.

महाडला पूर पूर्वीही येत होता, हे खरे आहे. नदीतला गाळ, खाडीची भरती, डोंगरावरची तोड ही कारणे आहेतच. तापलेली हवा त्यांच्यात भर घालते.

वीज आणि पावसाचा संबंध

आपल्या देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळसा जाळून तयार होते. त्यामुळे सरासरी काढली तर एक युनिट वीज वापरली की सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या घरात धूर दिसत नाही, पण तो विदर्भातल्या एखाद्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो. म्हणून मीटरवर वाचलेले प्रत्येक युनिट महत्त्वाचे आहे.

आता घरातला हिशोब बघा. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटचा. ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. दोन हजार वॅटचा गिझर पाव तास चालला की अर्धा युनिट गेले. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, म्हणजे २० ऐवजी २४ वर ठेवला तर जवळपास पाव खर्च कमी. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतील असा नियम आहे, पण रिमोट शेवटी आपल्याच हातात असतो! आखातातल्या कमाईवर बांधलेल्या आपल्या गावांतल्या मोठ्या घरांनी हे जास्त मनावर घ्यायला हवे. महावितरणच्या बिलात घरगुती वापराच्या १०० युनिटांनंतर दर मोठी उडी घेतो, तेव्हा खिशालाही फायदा आहेच.

मशिदीपासून सुरुवात

एकट्या घराने केलेले काम घरातच राहते. जमातीने केले तर मोहल्ला बघतो. समजा एका मशिदीत वीस जुने पंखे आहेत आणि पाच नमाजांसाठी ते रोज पाच तास चालतात. ते बदलून बीएलडीसी लावले तर रोज साडेचार युनिट वाचतात, महिन्याला १३५. म्हणजे सुमारे ९५ किलो कार्बन डायऑक्साइड कमी. नमाजनंतर रिकाम्या सफांवर फिरणारे पंखे बंद करायला तर पैसाही लागत नाही.

वुजूचेही तसेच आहे. रसूलुल्लाह (स.) एक मुद्द, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये येते. आपण नळ सोडून बोलत बसतो तेव्हा कितीतरी पट पाणी जाते, आणि ते टाकीत चढवायला पंप चालतो. एक अश्वशक्तीचा पंप तासाला पाऊण युनिट खातो. इसराफ म्हणतात तो हाच, पाण्याचा आणि विजेचाही.

पुढची पायरी सौरऊर्जा. एक किलोवॅटच्या पॅनलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि ते दिवसाला सरासरी चार युनिट देते. कोकणच्या पावसाळ्यात कमी, हे धरूनच चालावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरांना एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये सबसिडी आहे. ती घरगुती ग्राहकांसाठी आहे. मशिदीला खर्च जमातीतून उभा करावा लागेल. आणखी एक गोष्ट विक्रेत्याला आधीच विचारावी. बॅटरी नसलेली साधी सौरयंत्रणा लाइट गेली की आपोआप बंद पडते. पुराच्या रात्री ती उपयोगी पडावी असे वाटत असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी, आणि ती तळमजल्यावर नको. तशी सोय असलेली मशीद संकटात साऱ्या गावाचे, कुठल्याही धर्माच्या माणसाचे, मोबाइल चार्ज करील आणि पाणीही चढवील.

घाटापलीकडे पाटण तालुक्यातली मान्याची वाडी बघा. शंभराच्या आसपास घरांची ही वाडी राज्यातले पहिले सौरग्राम झाली. लहान गावाला जमले, कारण सगळी घरे एकत्र आली.

पंखे बंद केल्याने पूर थांबेल का?

नाही, एवढ्याने थांबणार नाही. सावित्रीचा गाळ काढणे, दरडीखालच्या वाड्यांचे पुनर्वसन करणे ही सरकारची कामे आहेत आणि ती मागत राहिलीच पाहिजेत. पण जगातला कोळसा असाच जळत राहिला तर गाळ काढलेली नदीही अपुरी पडेल. शिवाय स्वतःचा हिशोब मांडून मागणी करणाऱ्या माणसाला टाळणे साहेबांनाही जड जाते. आणि ही जमीन आपल्याकडे अमानत आहे, पुढच्यांना परत द्यायची आहे.

तेव्हा येत्या जुमानंतर जमातीने एवढे करावे. मशिदीची गेल्या बारा महिन्यांची बिले काढून एका वहीत युनिट लिहावेत. पंखे, दिवे आणि पंप मोजावेत. बंद करण्याची जबाबदारी दोन तरुणांना द्यावी. घरोघरी मीटर वाचण्याचे काम शाळेतल्या मुलामुलींना सांगावे, ते त्यांना फार आवडते. तीन महिन्यांनी नवे आकडे मशिदीच्या फळ्यावर लावावेत आणि शेजारच्या मंदिरालाही, बुद्धविहारालाही ती वही दाखवावी.